आमच्या साळ्याचा घरचा कंपायलर

आमच्या साळ्याएवढा कामाचा आणि त्याच्याएवढा निकामी माणूस मी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत दुसरा पाहिला नाही. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये धरमकाट्यावर, म्हणजे ट्रकचं वजन करायच्या काट्यावर, नोकरीला. लग्न केलं नाही. पोरी दाखवल्या, त्यानं पाहिल्यासुद्धा, पण चहा पिऊन झाला की म्हणायचा, "पोरगी चांगली आहे, पन माह्यं काम चालू आहे न भाऊजी." हे काम म्हणजे कंपायलर. लोक आयुष्यात घर बांधतात, विहीर खोदतात. यानं भाड्याच्या एका खोलीत, मिलनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरसमोर सात वर्षं बसून स्वतःचा कंपायलर बांधला. आणि बांधला तो बांधला, वर व्रत धरलं की यापुढं जे काही कॉम्प्युटरवर करायचं ते याच्यावरच करायचं, दुसऱ्या कोणाच्या कंपायलरला हात लावायचा नाही. आमच्याकडं काही जुनी माणसं परक्या घरचं पाणीही पीत नव्हती, तसा प्रकार.

मी चौथी शिकलेला माणूस. बडनेऱ्याच्या बाजूला आमची भाजीची वाडी. पहाटे माल तोडायचा, सकाळी अमरावतीच्या बाजारात बसायचं, एवढंच मला येतं. कंपायलर म्हणजे काय ते मी कशाला सांगू? पण त्यानं मला इतक्या वेळा समजावलं की पाठ झालं. म्हणे, "कचेरीच्या बाहेर अर्जनवीस बसते का नाई? तुमी आपल्या बोलीत बोलता, तो सायबाच्या भाषेत लिहून देते. तसंच हे. मी माणसाच्या बोलीत लिहितो, हा मशीनच्या बोलीत करून देते."

मी विचारलं, "मंग असे अर्जनवीस बाजारात मिळत नाही का?"

"मिळतात. फुकट मिळतात."

"मंग तू सात वर्षं काहून घालवले लेका?"

तो माझ्याकडं पाहत म्हणाला, "तुमी वांग्याचं बी बाजारातून आनता का?"

वांग्याचं बी मी आजवर घरचंच धरलं. त्यात माझी बायको हसली आणि म्हणाली, "आता बोला न." ती त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हा तिच्याच कडेवर वाढलेला. तो तिला बाई म्हणायचा, ती त्याला बापू. बापूनं काहीही केलं तरी तिला ते बरोबरच वाटायचं, आणि बापूलाही बाई जे बोलेल ते बरोबरच वाटायचं. दोघांच्या मधे बसून मी तीस-पस्तीस वर्षं चुकीचा ठरत आलो.

त्याच्या कंपायलरला जर, तर, मंग, थांब, पुन्हा कर असे शब्द समजायचे. लिहिण्यात चूक झाली की तो चालायचा नाही. "माफ करा, सतराव्या ओळीत काय म्हनता ते समजलं नाई," असं पडद्यावर दाखवायचा. मिलमधले हमाल म्हणायचे, काटेवाल्यापेक्षा त्याचं मशीन जास्त सभ्य आहे. ते खोटं नव्हतं. मिलमध्ये त्यानं ट्रकच्या नंबराचा प्रोग्राम केला, जो आधी आला त्याचा काटा आधी. एक दिवस मालकाचाच ट्रक रांगेत सातवा लागला. मालक केबिनमध्ये येऊन ओरडला, "अबे, माह्याच मिलमधी माह्या गाडीले थांबवून राहिला का तू?" हा शांतपणे म्हणाला, "शेठजी, त्याले मालक वळखता येत नाई. वळखायले लावतो, पन मंग बाकीच्याईलेही वळखन." मग जो तो ओळख काढून रांगेत पुढं घुसेल, हा अर्थ मालकाला कळला नाही, हमालांना कळला. मालकाची गाडी सातवी म्हणजे सातवीच गेली.

आमच्या पोरीच्या लग्नात तर त्यानं कहर केला. पंगतीत रुसणारे पाहुणे एकमेकांच्या शेजारी बसू नयेत म्हणून त्यानं प्रोग्राम लिहायला घेतला. आठ दिवस माझ्या बायकोला समोर बसवून एकेकाची माहिती काढली. कोणाचं कोणाशी जमत नाही, काहून जमत नाही, कधीपासून जमत नाही. तिला सगळं तोंडपाठ होतं. लग्नाच्या दिवशी मशीननं पंगतीच्या जागा लावून दिल्या आणि खरंच, अशी शांत पंगत आमच्याकडं कधी बसली नव्हती. पण पाहुण्यांना जागा सापडाव्या म्हणून यानं तो कागद मांडवाच्या खांबाला चिकटवला होता, आणि कागदावर नावापुढं कारणही छापून आलं होतं. "शेताच्या धुऱ्याचं भांडण." "उसनी नेलेली मोठी परात परत केली नाई." "तेराव्याले बोलावलं नाई." दुसऱ्या पंगतीपर्यंत कोणीतरी ते वाचलं. मग ज्यांचं भांडण नव्हतं त्यांचंही लागलं. नवरदेवाचा मामा परातीवरून जेवत्या ताटावरून उठला. मी साळ्याला कोपऱ्यात घेतलं, चार शिव्या दिल्या. तो म्हणाला, "भाऊजी, मशीनची चूक नाई. कारन छापू नको असं मी लिहिलंच नोतं." 

हे त्याचं नेहमीचंच होतं. चूक मशीनची नसते, लिहिणाऱ्याची असते, नाहीतर कंपायलर बनवणाऱ्याची असते, आणि इथं दोन्ही मीच आहो, असं म्हणून तो मोकळा व्हायचा. दुसऱ्या माणसाच्या अंगावर त्यानं कधी चूक ढकलली नाही. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

पण वाडीतल्या मोटारपंपाचं त्यानं जे करून दिलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्याकडं थ्री-फेज लाईन कधी येईल नि कधी जाईल त्याचा नेम नाही. त्यानं आपल्या कंपायलरचा प्रोग्राम घातलेला एक डबा बसवून दिला. लाईन आली की पंप सुरू, शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलं की बंद. तीन उन्हाळे चालला. एकदाही चुकला नाही. एकदाच मी ओरडलो होतो, तुहा डबा बिघडला म्हणून, तर मीच खालचा खटका पाडून ठेवला होता. म्हणून मी सांगतो, त्याचा कंपायलर पक्का होता. हे मी आता सांगून राहिलो. जेव्हा सांगायला पाहिजे होतं तेव्हा सांगितलं नाही, आणि हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

माझ्या बायकोच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अमरावतीला दवाखान्यात मशीनवर रक्त धुवून घ्यायचं. दाक्तरनं पाणी तोडलं. दिवसाचे चार पेले, चहा धरून. ज्या बाईनं जन्मभर वाडीत काम केलं, धावत्या पाटाला तोंड लावून पाणी प्यायली, तिला चार पेले. साळा अकोल्याहून आला, दोन दिवस राहिला आणि स्वयंपाकघरात माठाच्या वरच्या फळीवर त्यानं तसाच एक डबा बसवला. एका पेल्यावर खिळ्यानं खूण केली. एक पेला प्यायलं की डब्याची कळ दाबायची. गोळ्यांची वेळ झाली की डबा वाजायचा. चार पेले झाले की लाल दिवा लागायचा. सकाळी वजन करून तेही त्यात टाकायचं, म्हणजे आठवड्याला सगळं कागदावर छापून दाक्तरला दाखवता येईल. दाक्तर खूश झाला. म्हणाला, असे नातेवाईक सगळ्यांना मिळावे.

मग मे महिना लागला. आमच्याकडचा मे काय असतो ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दुपारी ती पडवीत पडून राहायची, ओठावर पापुद्रे. लाल दिवा दुपारीच लागलेला असायचा. एक दिवस ती म्हणाली, "थोडंसं द्या न."

"दिवा लागला न व."

"बापूच्या डब्याले सांगू नका."

मी दिलं. खुणेचा पेला हातात घ्यायची तिला लाज वाटायची, म्हणून तांब्यातून तिच्या ओंजळीत ओतलं, वाडीत प्यायचो तसं. कळ दाबली नाही. दुसऱ्या दिवशीही दिलं. मग रोजच. पिताना ती डब्याकडं पाठ करायची, जसा काही तो पाहूनच राहिला आहे. आम्हा दोघांना त्याचं हसूही यायचं. खोटं कशाला सांगू, त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं हसलो असेल तर त्याच दोन मिनिटांत.

पण वजन तर काट्यावर खरंच यायचं. पुढच्या खेपेला दाक्तरनं कागद पाहिला आणि म्हणाला, "पाणी तर चारच पेले दिसतं. मग वजन एवढं का वाढतं? आजी जास्त पाणी पिऊन राहिल्या."

साळा त्या दिवशी अकोल्याहून आला होता, तो उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "साहेब, माह्यी बहीन खोटं बोलत नाई. चूक असन तं माह्या कंपायलरमधी असन. मी शोधून काढतो."

मी माझ्या चपलेकडं पाहत बसलो. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

त्यानं बिनपगारी रजा टाकली आणि आमच्याकडं येऊन राहिला. दोन महिने. बाहेरच्या खोलीत जमिनीभर कागद पसरले, सात वर्षांचं लिहिलेलं सगळं छापून आणलं होतं, आणि लाल पेन घेऊन एकेक ओळ पाहायला लागला. फॅन लावू द्यायचा नाही, कागद उडतात म्हणून. घामानं ओला व्हायचा. जेवायला उठवलं तर ताटावरही बोटानं बेरजा मांडायचा. कधी म्हणायचा, सापडली बाई, इथं दशांशाचं टिंब एक घर सरकलं. दोन तासांनी म्हणायचा, नाही, हे बरोबरच आहे. ती उंबरठ्यावर बसून त्याच्याकडं पाहायची. मग आत येऊन मला म्हणायची, "सांगून टाका न त्याले."

"तू सांग. तुहा भाऊ आहे."

"पानी तुमी देता न?"

"पिते कोन?"

असं आम्ही हळू आवाजात भांडायचो. शेवटी ती म्हणायची, "सांगतलं तं मंग तो पानी बंद करन." आणि तिथं आमचं बोलणं संपायचं. तो बाहेर आपल्या कंपायलरमध्ये आमचं खोटं शोधत बसलेला, आणि आत आम्ही त्याच्यापासूनच चोरून पाणी देत-घेत होतो. मशीन बिघडू शकतं, कंपायलर चुकू शकतो, हे सगळं त्याच्या मनात आलं. बाई खोटं बोलू शकते, हे काही त्याच्या मनात आलं नाही.

पावसाळ्यात एका दुपारी ती झोपेतच गेली. तेराव्याला पाहुणे गेल्यावर साळा स्वयंपाकघरात गेला, फळीवरचा डबा काढला, तारा गुंडाळल्या. बाहेर येऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "भाऊजी, माह्या कंपायलरमधी खोट होती. मले सापडली नाई. दाक्तरले खरा आकडा भेटला असता तं बाई वाचली असती."

त्याच वेळी मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही. पण नुकतंच तिचं तेरावं झालेलं, तिला खोटारडी कसं म्हणू, असं मी मनाला सांगितलं. तेही खोटंच. मी भ्यालो. दुसरं काही नाही. तो डबा पिशवीत घालून अकोल्याला निघून गेला आणि मी त्याला फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

आठ महिने तो आला नाही. फोन केला तर हो-नाही करायचा. मग गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. "भाऊजी, सांगाचं होतं. मिलमधी आता बाजारातला प्रोग्राम बसवला. माह्यं जुनं सगयं या रविवारी पुसून टाकतो. मशीन भंगारात देतो."

"सगयं? सात वर्षाचं?"

"ज्याच्यानं मानूस गेलं ते ठेवून काय करू?"

मी शनिवारी सकाळीच बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर गेलं तोवर मनात दहा प्रकारे बोलून पाहिलं, एकही धड वाटलं नाही. मिलमध्ये पोचलो तर हा काट्याच्या केबिनमध्ये बसलेला. नवीन पडदा, नवीन कीबोर्ड. दोन बोटांनी टकटक करून राहिला होता, परक्या लग्नात चुकून पंगतीला बसलेल्या माणसासारखा. दाढी वाढलेली. काट्यावर तुरीचा एक ट्रक नुकताच चढला होता. मला पाहून तो उठला. "भाऊजी? कळवलं नाई?"

मी बसलोही नाही. म्हणालो, "तुह्या कंपायलरमधी काई खोट नोती. मी तुह्या बहिनीले चोरून पानी देत होतो. कळ दाबत नोतो."

बाहेर ट्रकवाला ओरडला, "ओ काटेवाले भाऊ, उतरू का?"

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"मे महिन्यापासून. शेवटपर्यंत."

"मी दोन महिने तुमच्या घरी बसलो होतो, भाऊजी."

"हो."

"तुमच्या डोयासमोर."

"हो."

"बाईले माहीत होतं? म्हंजे मी काय शोधून राहिलो ते?"

"तिले मालूम होतं. तूच पानी बंद करशीन म्हनून बोलली नाई."

ट्रकवाल्यानं हॉर्न धरला तो सोडेना. साळा खिडकीशी गेला आणि आयुष्यात मी ऐकला नाही एवढ्या मोठ्या आवाजात ओरडला, "थांब न बे जरासा!" हॉर्न बंद झाला. तो तिकडंच तोंड करून उभा राहिला. मला वाटलं आता मला हाकलून देईल. द्यायलाच पाहिजे होतं. मग तो वळला आणि मला वाटलं विचारेल, किती पेले. आकडा मागायची त्याची सवयच. मी मनात म्हटलं, ओंजळीचं माप कसं सांगू.

त्यानं विचारलं, "गार होतं का पानी?"

"माठातलं होतं. वाळा टाकत होतो."

"हं," तो म्हणाला. मग डोळे पुसून त्यानं ट्रकचं वजन घेतलं, चिठ्ठी फाडली, खिडकीतून दिली. ट्रक काट्यावरून उतरला.

दुपारच्या गाडीला तो मला सोडायला स्टेशनवर आला. बाकावर बसलो. मी विचारलं, "उद्याचं पुसनं?"

"राहू देतो."

"मंग पुन्हा चालवशीन?"

"पाहू," तो म्हणाला. "हात वळला पाहिजे न, भाऊजी."

गाडीची घोषणा झाली. जे विचारायला मी आठ महिने घाबरत होतो, आणि ज्याला विचारावं असा जगात आता हा एकच माणूस उरला होता, ते मी विचारलं. "माह्या पान्यानं गेली का रे ती?"

"नाई," तो लगेच म्हणाला. "तिचं हृदयच थकलं होतं. दाक्तरनं तवाच सांगतलं होतं न, तुमी होते की तिथं."

मी होतो तिथं. प्रत्येक खेपेला होतो, तिच्या बाजूच्या खुर्चीवर. दाक्तर असं काही म्हणालेला मला आठवत नाही.

"हो," मी म्हणालो. "सांगतलं होतं खरं."

गाडी आली. त्यानं माझी पिशवी आत ठेवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. डब्यात बसायला जागा होती, तरी बडनेऱ्यापर्यंत मी दारातच उभा होतो.